मागच्या सीटवरची हवा

गाडी सुरू झाली की आतलं जवळपास सगळं एकाच माणसाच्या हातात जातं. वेग किती ठेवायचा, कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे थांबायचं, हे तोच ठरवतो. बाकीचे नुसते बसलेले असतात. घरात कोणी सिगारेट पेटवली तर दुसऱ्या खोलीत जाता येतं, बाहेर जाऊन उभं राहता येतं, निदान पाच पावलं लांब तरी होता येतं. चालत्या गाडीत यातलं काहीच जमत नाही. म्हणून खासगी गाडीत धूम्रपानाला कायद्याने बंदी असावी का, असा विषय निघाला की गाडी कोणाच्या मालकीची यापेक्षा आतल्या कोणाला बाहेर पडता येतं, हे मला आधी विचारावंसं वाटतं.

‘गाडी माझी, आत मी काय करतो ते माझं मी बघेन’ हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही. कायद्याने माणसाच्या उंबरठ्याशी थबकावं, अशी माझीही अपेक्षा असते. पोलिसाने काचेतून डोकावून आपलं काय चाललंय ते पाहावं, हे कोणाला आवडेल? पण गाडी ही घराइतकी खासगी जागा कधीच नव्हती. ती सगळ्यांच्या रस्त्यावरून धावते, तिच्यावर क्रमांकाची पाटी असते, ती चालवायला परवाना लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० साली सीटबेल्ट सक्तीचा केला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९७८ पासून लहान मुलांसाठी वेगळं आसन सक्तीचं केलं. पुढे असे नियम देशोदेशी आले. दारू पिऊन गाडी चालवायची नाही, चालवताना फोन हातात धरायचा नाही, हेही आपण आपल्याच पैशाने घेतलेल्या गाडीत मान्य केलेलं आहे. तेव्हा कायदा गाडीच्या आत शिरावा की नाही, हा वाद फार पूर्वीच निकालात निघाला आहे.

त्यातली मुलांच्या आसनाची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मुलाला पट्ट्याने बांधून ठेवा, असं कायदाच आईबापांना सांगतो. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असतं, ते लावलं की दार आतून उघडत नाही. हे सगळं योग्यच आहे, यामुळे असंख्य मुलांचे जीव वाचले आहेत. पण याचा अर्थ असा की मूल त्या जागेवरून तसूभरही हलणार नाही, याची व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केलेली आहे. ज्या कायद्याने त्याला तिथे बांधलं, त्यालाच ‘तिथल्या हवेशी माझा संबंध नाही’ असं म्हणता येत नाही. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

मध्यम आकाराच्या गाडीत आत साधारण तीन घनमीटर हवा मावते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत याच्या दहापटीहून जास्त. सिगारेट तीच आणि धूरही तेवढाच, पण गाडीत त्याला पसरायला जागा नाही. २०१२ साली शॉन सेंपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा स्कॉटलंडमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांच्या नेहमीच्या प्रवासात, त्यांच्याच गाड्यांच्या मागच्या भागात त्यांनी सूक्ष्म कण मोजणारी यंत्रं बसवली होती. ज्या प्रवासात कोणीच ओढलं नाही, तिथे पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं, प्रमाण सरासरी ७.४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर निघालं. जिथे ओढलं गेलं तिथे ८५. त्या प्रवासांमधल्या सर्वोच्च नोंदींची सरासरी होती ३८५, आणि सगळ्यात वाईट नोंद ८८० च्या वर गेली. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची मर्यादा २५ होती. ती मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आणि हे प्रवास सरासरी सत्तावीस मिनिटांचे, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ गुणाकार-भागाकार करणं बरोबर नाही, हे मान्य. तरी त्याच अभ्यासातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काच खाली केलेली होती किंवा पंखा चालू ठेवला होता. तेवढं करूनही असा एकही प्रवास नव्हता ज्यात कणांचं प्रमाण कधी ना कधी त्या मर्यादेच्या वर गेलं नाही.

काच खाली केली की झालं, असं किती जणांना मनापासून वाटतं! माझ्या धाकट्या मामालाही वाटायचं. आम्हा भावंडांना गाडीत कोंबून लांबलांब फिरायला नेणारा, कंटाळलो की कोडी घालणारा, वाटेत झाडांची नावं विचारणारा असा तो. सिगारेट पेटवताना तो न विसरता आपल्या बाजूची काच चार बोटं खाली करायचा आणि हात बाहेर धरायचा. आम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच ना! पण झुरका घेतल्यावर तोंडातून निघणारा धूर आतच सुटायचा. फटीतून काही बाहेर खेचला जायचा, उरलेला आत येणाऱ्या वाऱ्याबरोबर मागे यायचा. मागे आम्ही मुलं आणि खिडकीशी आजी. आजीला दमा होता. ती पदर नाकाशी धरून बाहेर बघत बसायची. मला हमखास मळमळायचं आणि ‘हिला गाडी लागते’ असं सगळे म्हणायचे. गाडी लागायची हे खरंच, पण मामाने ओढलं नाही त्या दिवशी फार कमी लागायची, हे माझं मी ताडलेलं होतं. ते बोलून दाखवावं असं मात्र कधी सुचलंही नाही.

खूप नंतर मी आईला विचारलं की आजी त्याला काही बोलायची कशी नाही. पोटचा मुलगाच होता की तो. आई म्हणाली, “अगं, एवढं सगळ्यांना घेऊन जातोय, त्याला काय सांगायचं?”

गाडीत बसलेल्या माणसाची अवस्था या एका वाक्यात आली आहे. चालवणारा आपल्यासाठी काहीतरी करत असतो. पेट्रोल त्याचं, श्रम त्याचे, जागा त्याने दिलेली. ऑफिसातला सहकारी रोज जाता-येता सोबत नेतो, शेजारी रात्री उशिरा स्टेशनवर सोडायला येतो, सासरे दवाखान्यात घेऊन जातात. ज्याने उपकार केला त्याला ‘जरा विझवता का’ म्हणायला जीभ रेटत नाही. बायको नवऱ्याला म्हणू शकेलच असं नाही. सून सासऱ्यांना म्हणेल का? नवा लागलेला मुलगा साहेबांना? आणि मागच्या सीटवरच्या चार वर्षांच्या पोराला तर आपल्याला काय होतंय तेच सांगता येत नाही. हा प्रश्न आपापसात सोडवावा, त्यात कायदा कशाला, असं म्हणणारे बहुधा स्वतः गाडी चालवत असतात. आपापसात सोडवायला दोन्ही बाजूंना बोलता यायला हवं.

मामा वाईट नव्हता, बेफिकीरही नव्हता. गाडीत दुसरं कोणी असताना ओढायचं नाही, असा नियम त्या काळी असता तर त्याने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली असती, खाली उतरून ओढली असती आणि परत येऊन पुढचं कोडं घातलं असतं. आजीला तोंड उघडावं लागलं नसतं आणि त्यालाही अपमान वाटला नसता. आईशी झालेल्या त्या बोलण्यापासून माझा कल बंदीकडे आहे.

दुसऱ्याच्या धुराने काय होतं, याबद्दल आता शास्त्रात फारसा वाद उरलेला नाही. १९८१ साली जपानमधल्या ताकेशी हिरायामा यांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांच्या चौदा वर्षांच्या नोंदी मांडल्या. नवरा जितकं जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असं त्यातून दिसलं. तंबाखू कंपन्यांनी त्यावर बरंच रान उठवलं, पण पुढचे अभ्यास त्याच दिशेने जात राहिले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली दुसऱ्याच्या धुराला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात तर या धुराची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मुलांच्या बाबतीत दम्याचे झटके, कान फुटणं, छातीचे संसर्ग आणि तान्ह्या बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू, इथपर्यंत त्याचे धागे जातात. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तान्हं बाळ ३० ते ६० वेळा. वजनाच्या मानाने त्या इवल्या छातीत किती जास्त धूर जात असेल!

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही एक चुकलेलं आहे आणि ते मी लपवणार नाही. ‘गाडीतला धूर घरातल्यापेक्षा तेवीसपट विषारी’ हे वाक्य कित्येक वर्षं जगभर फिरलं. रॉस मॅकेन्झी आणि बेकी फ्रीमन या दोन अभ्यासकांनी २०१० साली त्याचा माग काढला, तर तो १९९८ च्या कोलोरॅडोतल्या एका वर्तमानपत्राच्या बातमीपाशी जाऊन थांबला. त्यामागे अभ्यासच सापडला नाही. दोघेही तंबाखूविरोधी बाजूचेच, तरी हा आकडा वापरणं थांबवा असं त्यांनी आपल्याच लोकांना सांगितलं. एवढं होऊनही पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये, ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेने सगळ्याच खासगी गाड्यांत बंदीची मागणी करताना तोच आकडा दिला, आणि मग त्यांना तो दुरुस्त करून अकरापट असा करावा लागला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण ७.४ आणि ८५ हे मोजलेले आकडे हातात असताना ऐकीव आकड्याची गरजच काय होती? ज्यांना लोकांच्या सवयीत हात घालायचा आहे, त्यांनी आपला प्रत्येक आकडा दोनदा तपासलाच पाहिजे.

कायदे मात्र होत गेले. दक्षिण ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलं असलेल्या गाडीत ओढायला बंदी आली, कॅलिफोर्नियात २००८ च्या पहिल्या दिवसापासून. मॉरिशसने आणखी पुढे जाऊन कोणताही प्रवासी बसलेल्या खासगी गाडीत बंदी घातली. ब्रिटनच्या लोकसभेत १० फेब्रुवारी २०१४ रोजी ३७६ विरुद्ध १०७ मतांनी या बाजूने कौल पडला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अठरा वर्षांखालचं कोणी गाडीत असताना धूम्रपान बेकायदा ठरलं. आयर्लंड, इटली, न्यूझीलंडही त्याच वाटेने गेले. भारतात २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम सार्वजनिक ठिकाणांपुरते आहेत; त्यात सार्वजनिक वाहनं येतात, खासगी गाडीचं वेगळं नाव नाही.

इंग्लंडचा नियम वाचताना मला त्याचे बारकावे आवडले. काच उघडी होती, छताची खिडकी उघडी होती, एसी चालू होता, दार उघडून दारातच बसलो होतो, यातली एकही सबब चालत नाही. दंड पन्नास पौंड, आणि तो ओढणाऱ्यालाही होतो आणि ओढू देणाऱ्या चालकालाही. हे दुसरं कलम फार शहाणपणाचं आहे. ज्याच्या हातात गाडी, त्याच्याकडे आतल्या हवेचीही जबाबदारी दिलेली आहे. चालकाला शेजारच्या मित्राला थांबवायचं असेल तर त्यालाही आधार मिळतो, ‘माझ्यावर येईल रे’ एवढं म्हटलं की पुरतं. टप पूर्ण खाली केलेल्या गाडीला सूट आहे, ती मात्र मला पटत नाही. सिग्नलला अडकलेल्या उघड्या गाडीतही शेजारच्याच्या नाकात धूर जातोच.

असा कायदा राबवणार कोण, हा नेहमीचा प्रश्न. धावत्या गाडीत मागे बसलेलं पोर पंधराचं की एकोणिसाचं, हे पोलिसाला कसं कळायचं? आणि खरोखरच इंग्लंडमध्ये दंडाच्या पावत्या फारच थोड्या फाटल्या. पण दंड किती झाले यावरून हा कायदा मोजू नये असं मला वाटतं, आणि त्याला पुरावा आहे. तिथल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलांना गाडीत दुसऱ्याच्या धुरात बसावं लागतं का, हे पाहणीत विचारलं गेलं. २०१४ मध्ये ५.९ टक्के मुलांनी हो म्हटलं होतं, २०१६ मध्ये १.६ टक्के. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात कायद्यामुळे झालेली ही घट ७२ टक्के धरली आहे. कोणी शिट्टी वाजवून थांबवलं नव्हतं, तरी लोक थांबले. बहुतेक माणसांना आपल्या मुलांना त्रास द्यायचा नसतोच. त्यांना एक ठाम रेघ हवी असते, आणि तिच्याकडे बोट दाखवून बोलायला घरातल्यांना धीर येतो.

स्कॉटलंडमधून आलेलं उत्तर इतकं सरळ नाही. तिथे डिसेंबर २०१६ मध्ये कायदा आला आणि मुलांना दम्यामुळे तातडीने इस्पितळात दाखल करावं लागण्याच्या आकड्यांवर त्याचा परिणाम तपासला गेला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये प्रमाण उतरत गेलेलं दिसलं, मोठ्या मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही. ते नैसर्गिकच आहे, कारण मुलांच्या वाट्याला येणारा बराचसा धूर घरातला असतो. गाडीतल्या बंदीने दमा संपेल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण जी मुलं सगळ्यात लहान, सगळ्यात जास्त बांधलेली, त्यांच्यातच फरक दिसावा, हे मला पुरेसं आहे.

पोलिसांच्या हाती गाडी अडवायला आणखी एक निमित्त मिळेल, ही भीती मला खरी वाटते. नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण हात दाखवून थांबवली जाते ती बहुधा जुनी, पोचे पडलेली गाडी. म्हणून दंड लहान असावा, सुरुवातीचा काळ फक्त समज देण्याचा असावा आणि केवळ या कारणासाठी गाडीची झडती घेता येऊ नये, हे कायद्यातच लिहिलेलं असावं. ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात मला काडीचाही रस नाही. निकोटिनची तलफ हा इच्छाशक्तीचा दोष नाही, ती मेंदूत घट्ट बसलेली गरज असते आणि तास-दोन तासांत ती पुन्हा डोकं वर काढते. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबावं, असं थकव्यासाठीही सांगतातच. त्या थांब्यावर उतरून ओढा.

एकट्याने गाडी चालवताना? तिथे मी बंदी मागणार नाही. हात स्टिअरिंगवरून सुटतो, निखारा मांडीवर पडतो, ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतही लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत धूम्रपानाचं नाव आहे, हे सगळं ठाऊक असूनही नाही. माणसाला स्वतःचं नुकसान करण्याची मोकळीक असावी आणि एकट्याची गाडी ही त्याची त्यातल्या त्यात शेवटची जागा. अडचण एवढीच की धूर विरला तरी निकोटिन सीटच्या कापडात, छताच्या अस्तरात, डॅशबोर्डवर बसून राहतं. सॅन डिएगोमधल्या जॉर्ज मॅट आणि सहकाऱ्यांनी ओढणाऱ्यांच्या वापरलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा धुळीत आणि पृष्ठभागांवर ते सापडलं. २०१० मध्ये बर्कली इथल्या प्रयोगशाळेने दाखवलं की हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग होऊन या थरापासून कर्करोगकारक द्रव्यं तयार होऊ शकतात. सकाळी एकट्याने ओढून संध्याकाळी त्याच सीटवर मुलाला बसवणाऱ्या बापाला हे कोणीतरी सांगायला हवं. पण ते सांगण्याचं काम डॉक्टरांचं आणि घरच्यांचं. तिथे दंडाचं पावतीपुस्तक मला नको.

दुसरं कोणीही गाडीत असेल तर मात्र नको, मग वय कितीही असो. अठराव्या वाढदिवसाला फुप्फुसात काही बदलत नाही. सत्तरीची दमेकरी आजी, पोटुशी बहीण, साहेबांच्या शेजारी आखडून बसलेला नवा मुलगा, यांतलं कोणीही चालत्या गाडीतून उतरू शकत नाही. इटलीने गरोदर स्त्रीचा विचार केला, मॉरिशसने सगळ्यांचा. मला मॉरिशसचं बरोबर वाटतं.

आणि ‘दुसरं कोणी’ म्हणताना पगारी ड्रायव्हरला मोजायला विसरू नये. मालक मागे बसून ओढतो, ड्रायव्हर पुढे रस्त्यावर नजर ठेवून असतो. मालकाच्या दृष्टीने ती स्वतःची खासगी गाडी, पण ड्रायव्हरचं तेच कामाचं ठिकाण, दिवसाचे दहा-बारा तास. कारखान्यात आणि कार्यालयात धुराला बंदी आली ती कामगारांच्या आरोग्यासाठीच. इंग्लंडमध्ये कामासाठी एकाहून अधिक माणसं वापरतात ती वाहनं १ जुलै २००७ पासूनच धूरमुक्त आहेत. कायद्याचा मसुदा माझ्या हातात असता तर ‘चालक नोकरीवर असेल तर तोही प्रवासी धरावा’ हे कलम मी पहिल्याच पानावर घातलं असतं. काच खाली करा एवढंसुद्धा तो म्हणू शकत नाही, कारण महिन्याच्या शेवटी पगार मागच्या सीटवरून येतो.